भुसावळला बदली झाली. सासूबाईंच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

नगरची सून (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी करते. गेल्या मे महिन्यात माझी नगरहून भुसावळला बदली झाली आणि जूनमध्ये, मुलांच्या शाळा सुरू होण्याच्या बेतात, आम्ही सगळे इकडे आलो. सगळे म्हणजे माझे यजमान, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. आम्ही मराठी ख्रिस्ती आहोत. सासऱ्यांच्या आजोबांपासून आमचे घराणे नगरच्या एकाच मंडळीत, म्हणजे एकाच चर्चमध्ये, आहे. यजमानांनी त्या मंडळीत वीस वर्षे पेटी वाजवली आणि सासूबाई महिला मंडळाच्या खजिनदार होत्या. हे सांगण्याचे कारण असे की गैरसोय आणि परकेपणा यांतला फरक मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हता.

गैरसोयींबद्दल माझी तक्रार नाही. घर मिळताना थोडे अवघडले, एवढेच. आमचे आडनाव ऐकून घरमालकांना काही वेगळे वाटले नव्हते. चावी देताना त्यांनी स्वयंपाकघरातला संगमरवरी कोनाडा कौतुकाने दाखवला आणि "देव इथे बसवा, पूर्वेला तोंड आहे," असे सांगितले. आम्ही ख्रिस्ती आहोत हे मी तेव्हा सांगितले. ते क्षणभर थांबले आणि मग म्हणाले, "मग तुमचं जे असेल ते ठेवा, पण कोनाडा रिकामा ठेवू नका." तो महिनाभर रिकामाच राहिला आणि मुलगा त्यात चेंडू ठेवू लागला. शेवटी सासूबाईंनी चेंडू उचलून तिथे आपले पवित्र शास्त्र आणि चष्म्याचे घर ठेवले. आता तो कोनाडा त्यांचाच झाला आहे.

अडचण मंडळीची आहे. नगरहून निघताना पाळकसाहेबांनी आम्हांला रीतसर दाखला दिला होता. इथल्या एका मंडळीत आम्ही तो दाखवला. सर्वांनी प्रेमाने स्वागत केले आणि प्रभुभोजनालाही बसवले. पूर्ण सभासदत्वाचा विषय निघाला तेव्हा मात्र, आमचा बालपणीचा शिंपडून झालेला बाप्तिस्मा पुरेसा नाही, बुडवून बाप्तिस्मा घ्यावा लागेल, असे सांगण्यात आले. यजमान काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी पेटीला जुनी चादर गुंडाळली आणि ती कपाटावर ठेवून दिली. तिथे तसेही कीबोर्ड आणि ड्रम वाजतात, पेटीला जागा नाही. सासूबाई मात्र चांगल्याच दुखावल्या. पन्नास वर्षांपूर्वी दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालेल्या बाईला तुझा बाप्तिस्मा अपुरा आहे असे कोणी सांगितले, तर तिला कसे वाटेल?

दुसरी गोष्ट लहान आहे, पण मनातून जात नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी शेजारच्या काकूंकडे कानबाई, ही इकडची देवी, बसली. आमचा दरवाजा दिवसभर उघडाच होता. त्यांच्या नाती आमच्या पलंगावर झोपल्या, पाहुण्यांसाठी आमच्या खुर्च्या गेल्या, रात्री गाणी झाली आणि माझी मुलगी त्यात नाचलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी विसर्जन झाले. त्यानंतर रोटाचे, म्हणजे तिच्या प्रसादाचे, झाकलेले ताट आमच्या दारासमोरून गेले ते थेट समोरच्या घरात. ताट मिळाले असते तर आम्ही खाल्ले असते की नाही, ठाऊक नाही. आमच्याकडे त्यावर दोन मते आहेत. पण ते दारावरून पुढे गेले हे सासूबाईंनी पाहिले आणि त्या रात्री त्यांनी विचारले, "मी इथे गेले, तर मला कुठे ठेवाल?"

सासरे नगरच्या दफनभूमीत आहेत. पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) पहाटेची उपासना झाली की आम्ही तिथे जाऊन कबरीला चुना लावतो आणि मेणबत्त्या लावतो. शेजारची जागा आपली, असे सासूबाईंनी मनाशी कधीच ठरवून टाकले आहे. या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही. अशा बदलीतून गेलेल्यांनी, आणि खानदेश ज्यांना माहीत आहे त्यांनीही, आपले अनुभव सांगावेत ही विनंती.

यार्डाशेजारी

ताई, जय ख्रिस्त. माझा जन्म भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये झाला आणि रेल्वेतूनच मी निवृत्त झालो. त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या काही भागावर तरी मला बोलता येईल.

सर्वांत आधी बाप्तिस्म्याविषयी. त्यामागचा इतिहास समजला तर दुखणे थोडे कमी होईल, असे वाटते. आपल्या नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. त्या परंपरेत ख्रिस्ती आईबापांच्या तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात आणि मोठेपणी त्याचे दृढीकरण होते. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यात ही परंपरा सामील झाली. त्या ऐक्यात बॅप्टिस्टही असल्यामुळे तिथे बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती मान्य आहेत. खानदेशात वेगळी माणसे आली. वऱ्हाडात आणि पूर्व खानदेशात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने काम केले, तर धुळे-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने. या दोन्ही मिशनांमध्ये ज्याला कळते त्यानेच, स्वतः विश्वास कबूल करून, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यायचा अशी शिकवण होती. एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून मिशनांनी त्या काळी प्रदेश आपसांत वाटून घेतले होते. आपले आजोबा नगरला होते म्हणून त्यांच्यावर पाणी शिंपडले गेले, माझे आजोबा जळगावजवळ होते म्हणून त्यांना बुडवले गेले. नकाशावरच्या त्या रेषा आखणारे लोक केव्हाच गेले आणि आपण अजून त्या रेषांवरून एकमेकांची परीक्षा घेतो, हे मला फारसे शोभादायक वाटत नाही.

तरीही पुन्हा बाप्तिस्मा घ्या असे मी सांगणार नाही, आणि घेऊ नका असेही नाही. तो आपल्या घराचा निर्णय आहे. एवढे मात्र करा की पाळकांना त्यांच्या घरी जाऊन भेटा, सासूबाईंनाही बरोबर न्या आणि त्यांचा दाखला त्यांच्याच हातून द्या. चर्चच्या दारात उभ्याने झालेले बोलणे वेगळे होते, चहा घेताना झालेले वेगळे. शिवाय भुसावळात काही एकच मंडळी नाही. रेल्वेमुळे इथे सगळीकडून ख्रिस्ती माणसे आली. १८६० च्या दशकात लोहमार्ग इथवर आला, पुढे मुंबईहून येणाऱ्या गाड्या इथून नागपूरकडे आणि इटारसीकडे फुटू लागल्या, आणि इंजिने चालवायला, दुरुस्त करायला जी माणसे आली त्यांत अँग्लो-इंडियन आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ होती. आपण या गावात आलेले पहिले पाहुणे नाही आणि शेवटचेही नाही.

आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. माझे वडील कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते. रनिंग स्टाफला रविवार नसतो. त्यामुळे आमच्या आईने घरचा रविवार वडिलांच्या ड्यूटीच्या चार्टावर ठरवला होता. ते बुधवारी घरी असले तर बुधवारी सकाळी आंघोळी, स्वच्छ कपडे, कौटुंबिक प्रार्थना आणि मग मटण. खरा रविवार आम्ही मुले आईबरोबर चर्चमध्ये काढायचो, पण मला आठवतो तो बुधवारचा रविवार. वडिलांच्या नखांतली काजळी कितीही घासली तरी जात नसे आणि पवित्र शास्त्राची पाने उलटताना कोपऱ्यांवर तिचे डाग पडत. ते पुस्तक माझ्याकडे आहे. स्तोत्रांची पाने सगळ्यांत काळी आहेत.

तेव्हा पेटी कपाटावरून खाली काढा. नारायण वामन टिळकांच्या रचना उपासना संगीतातून नगरला गातात तशा इथेही गातात. टिळक नगरला राहिले म्हणून ते काही नगरचेच झाले नाहीत.

दफनभूमीविषयी स्वतंत्र लिहीन. त्या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये, असे वाटते.

केळीच्या बागेतली

मी ख्रिस्ती नाही. माझे माहेर यावल तालुक्यातले, सासर जळगावचे. प्रश्नातला कानबाईचा भाग वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना, कारण त्या रोटाबद्दल आपल्या घरी जो समज झाला आहे तो अगदी उलटा आहे.

ताई, कानबाईचा रोट परक्यांना देत नाहीत आणि इथे परके म्हणजे ख्रिस्ती किंवा मुसलमान असे मुळीच नव्हे. परके म्हणजे जे भाऊबंद नाहीत ते सगळे. आमच्या घरी घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून घेतात, ते दळतात आणि त्या पिठाचा रोट होतो. ज्यांच्या नावाचे धान्य त्यात पडले त्यांनीच तो खायचा. पौर्णिमेच्या आत तो संपवायचा म्हणून शेवटी शेवटी कोरडा घास दुधात बुडवून खावा लागतो. लग्न झालेल्या माझ्या सख्ख्या नणंदेला आमच्या घरचा रोट चालत नाही, कारण ती आता दुसऱ्या कुळाची झाली. माझी शेजारीण माझ्याच जातीची आहे, आमच्या भिंतीला भिंत आहे, तिच्या बाळंतपणात मी आठ दिवस तिच्या घरी झोपले होते, पण तिलाही मी कधी रोट दिला नाही आणि तिने कधी अपेक्षाही केली नाही. ज्या समोरच्या घरात ताट गेले ते आपल्या काकूंच्या दिराचे किंवा चुलत दिराचे असणार. एकदा विचारून पाहा.

आता दुसरी बाजूही पाहा. खुर्च्या आपल्या घरून गेल्या, नाती आपल्या पलंगावर झोपल्या. आमच्याकडे कानबाईच्या दिवशी गावभरचे पाहुणे येतात आणि आपल्या मुली कुठे झोपवायच्या हा प्रश्न आया फार विचाराने सोडवतात. ज्या घरावर पूर्ण भरवसा नाही तिथे कोणी मुलींना पाठवत नाही. रोट कुळाचा असतो आणि तो मागून मिळत नाही; पण काकूंनी आपल्याला जे दिले ते रोटापेक्षा कमी होते, असे मला तरी वाटत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. थंडीत वांगी आली की काकूंना म्हणावे, भरीत करायला शिकवा. बामणोदकडची हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आम्ही भरीत म्हणत नाही. याबाबतीत आमचा धर्म फार कडक आहे.

तीन वर्षांचा पाहुणा

मीही बँकेत आहे. आतापर्यंत सात बदल्या झाल्या. अनुभवाने सांगतो की इतका विचार करू नये. तीन वर्षे झाली की पुन्हा खोकी बांधायची आहेत. मी भाड्याच्या घरात भिंतीला खिळासुद्धा ठोकत नाही, कॅलेंडर दाराच्या कडीला अडकवतो. मंडळीचे सभासदत्व नगरलाच राहू द्यावे, इथे फक्त उपासनेला जावे आणि आईंना सांगावे की काही झाले तरी आम्ही तुम्हांला नगरलाच नेऊ. दौंड-मनमाड मार्गाने गाडी आहे, रस्ताही आहे, रुग्णवाहिका मिळते. प्रश्न संपला. घरपण वगैरे निवृत्तीनंतर पाहता येईल.

चिंचपाडा लाइन

वरच्या भाऊंचे उत्तर व्यवहाराचे आहे, पण त्याप्रमाणे वागून माझी दोन वर्षे वाया गेली म्हणून लिहिते.

मी नवापूर तालुक्यातली, आमची बोली मावची. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४२ सालापासून आमच्या भागात आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या त्या छोट्या स्टेशनावर उतरणाऱ्या पेशंटांना पाहतच मी मोठी झाले आणि परिचारिका व्हायचे तिथेच ठरवले. नोकरीनिमित्त धुळ्याला आले तेव्हा माझी समजूत होती की ख्रिस्ती माणसाला कुठेही मंडळी मिळाली की घर मिळाले. प्रत्यक्षात मी दोन वर्षे शेवटच्या बाकावर बसले. कोणी वाईट वागले नाही. मी बोलले की आजूबाजूच्या बायका किंचित हसायच्या, कारण माझ्या मराठीत मावची मिसळते. मग मी बोलणे कमी केले. सुट्टी मिळाली की गाडी पकडून घरी जायचे, तिकडे आमच्या बोलीतली गाणी गायची आणि सोमवारी परत यायचे. माझे एक पाऊल कायम स्टेशनावर होते. पाहुण्याने पाहुण्यासारखे वागले की लोकही त्याला पाहुण्यासारखेच वागवतात, त्यांचा तरी काय दोष?

बदल झाला तो अगदी क्षुल्लक कारणाने. महिला मंडळाच्या सभेनंतर चहाची पाळी असते. एकदा जिची पाळी होती त्या बाईंच्या घरी कोणी आजारी पडले आणि सेक्रेटरीबाईंनी, मला न विचारताच, त्यांच्या जागी माझे नाव लिहून टाकले. मला आधी रागच आला. चाळीस जणींचा चहा, आणि मी रात्रपाळी करून आलेली! साखर कमी पडली, दोनदा दुकानात पळाले, कपबशा धुताना एक फुटली. त्या फुटलेल्या कपावरून सगळ्या मला चिडवू लागल्या आणि तेव्हापासून माझ्या बोलण्याला हसणे थांबले. म्हणजे हसतात अजूनही, पण आता माझ्याबरोबर. आपले नाव कोणी आपल्याला न विचारता पाळीत लिहिते, तेव्हा आपण तिथले झालो असे मी समजते.

म्हणून ताई, सभासदत्वाचा कागद होईल तेव्हा होईल, तोवर काम मागून घ्या. सासूबाई खजिनदार होत्या ना? नाताळाच्या वर्गणीचा हिशेब कोणत्याही मंडळीत चोख नसतो. त्यांना तिथे बसवा. बाप्तिस्मा शिंपडून झाला की बुडवून, हे हिशेबाच्या वहीला कळत नाही.

यार्डाशेजारी

दफनभूमीविषयी लिहितो म्हणालो होतो. दरम्यान तीन वर्षांच्या पाहुण्यांचे खिळा न ठोकण्याचे मत वाचले. त्यांना उत्तर म्हणून नव्हे, पण त्यावरून आठवले म्हणून सांगतो.

पवित्र शास्त्रात खिळा न ठोकणारा सर्वांत मोठा माणूस म्हणजे अब्राहाम. तो आयुष्यभर तंबूत राहिला. सगळा कनान देश तुझ्या संतानाला देईन असे देवाने त्याला सांगितले होते, पण त्या देशात त्याच्या नावावर पावलाएवढीही जमीन नव्हती. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात सारा मरण पावते, तेव्हा तो हेथी लोकांपुढे उभा राहतो आणि आपण उपरे आहोत असे स्वतःच सांगून कबरीपुरती जागा मागतो. ते म्हणतात, आमच्या कबरींतली हवी ती घे, फुकट घे. तो घेत नाही. शेताचा मालक एफ्रोन याला चारशे शेकेल रुपे तोलून देतो, गावच्या वेशीत सर्वांच्या साक्षीने व्यवहार करतो आणि मकपेलाचे शेत, गुहा आणि झाडांसकट, आपल्या नावावर करून घेतो. वचन दिलेल्या देशात त्याच्या मालकीची झालेली पहिली जागा म्हणजे बायकोची कबर.

मला वाटते, आपल्या सासूबाईंनी विचारलेला प्रश्न मरणाचा नाही. "तुम्ही मला जिथे आणले आहे ती जागा आपली आहे की नाही," असे त्यांना विचारायचे आहे. "नगरला नेऊ" हे उत्तर प्रेमाचे आहे आणि सासऱ्यांशेजारची जागा त्यांना मिळावी हे योग्यच आहे. पण केवळ तेवढेच उत्तर दिले, तर इथे त्या जितकी वर्षे जगतील तितकी वर्षे त्या फलाटावर बसलेल्या असतील. त्यापेक्षा त्यांना इथली ख्रिस्ती दफनभूमी एकदा दाखवून आणा, त्या धडधाकट असताना, एखाद्या चांगल्या सकाळी. आमच्या आईवडिलांच्या कबरी तिथे आहेत. मी बरोबर येईन. उन्हे खाली येऊ द्या मात्र. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो हे आपल्याला आता सांगायला नकोच, पण ऑक्टोबरलाही कमी समजू नका.

नगरची सून

चार महिन्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा असावी. इतक्या जणांनी इतक्या आस्थेने लिहिले, तर पुढे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

काकूंना मी विचारले. समोरचे घर त्यांच्या चुलत दिरांचे आहे. सासूबाईंना रोटाचे वाईट वाटले होते हे ऐकून काकूंनी आधी कपाळाला हात लावला आणि मग त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवभाजीचे पातेलेच आणून ठेवले, "हिला कुळ लागत नाही," असे म्हणून. भाजी सासूबाईंना तिखट झाली, पण त्यांनी ती संपवली.

पेटीचे असे झाले की मार्गशीर्षात शेजारच्या काकांच्या भजनी मंडळाच्या पेटीचा भाता फाटला आणि दत्तजयंती चार दिवसांवर आली होती. आमच्याकडे पेटी आहे हे मुलाने खाली खेळताना सांगून टाकले होते. (तो आता दर वाक्याला "भो" म्हणतो आणि आपण मुळात नगरचे आहोत हे त्याला आठवण करून द्यावे लागते.) काका थोडे संकोचाने पेटी मागायला आले. यजमानांनी चादर काढली, पण आपली पेटी दिली नाही. त्यांची पेटी मागवून घेतली, पातळ चामड्याची पट्टी आणि सरस आणून रात्री अकरापर्यंत भाता सांधत बसले. दुरुस्त झाली का पाहायला म्हणून त्यांनी टिळकांच्या एका अभंगाची चाल वाजवली, तर काकांनी डोळे मिटून त्याच चालीत तुकोबांचे शब्द म्हणायला सुरुवात केली. दोघांपैकी कोणीही थांबले नाही. तेव्हापासून आमची पेटी खालीच आहे, कपाटावर चादर तेवढी राहिली आहे.

मंडळीच्या बाबतीत सगळे सुटले असे म्हणता येणार नाही. आम्ही पाळकांच्या घरी गेलो, बोलणे चांगले झाले, पण नियम आहे तो आहे. यजमान अजून विचार करीत आहेत आणि सासूबाईंचा विचार होऊन गेला आहे. त्या पुन्हा बाप्तिस्मा घेणार नाहीत. मात्र चिंचपाडा लाइन यांच्या सांगण्यावरून मी त्यांना नाताळाच्या हिशेबाला बसवले. त्यांनी पहिल्याच दिवशी मागच्या वर्षीच्या वहीतली एकशे चाळीस रुपयांची चूक काढली. त्यामुळे मंडळीचा कारभार पाहणारे दोन वडील थोडे नाराज आहेत आणि महिला मंडळ अतिशय खूश आहे. कॅरोलच्या फेरीत आमच्या घराचे नाव यादीत होते, आम्ही दिले नसताना.

आणि दफनभूमी. यार्डाशेजारी काकांनी शब्द पाळला. एका शनिवारी सकाळी ते आम्हांला घेऊन गेले. त्यांनी आपल्या आईवडिलांच्या कबरी दाखवल्या आणि आम्ही सर्वांनी प्रार्थना केली. सासूबाई काठी टेकत ओळीओळीने फिरल्या आणि नावे वाचत राहिल्या. काही इंग्रजी होती, काही मराठी, काही पुसून गेलेली. एका कडेला कडुनिंबाची सावली आहे, तिथे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटले, आता नगरचा विषय निघणार. त्यांनी काठीच्या टोकाने माती थोडी उकरली, वाकून चिमूटभर घेतली आणि बोटांत चोळून पाहिली.

"काळी आहे," त्या यजमानांना म्हणाल्या. "उन्हाळ्यात भेगा पडतील. पहिला पाऊस झाला की खचते ही. भर घालायला लागेल, विसरू नकोस."